जिवंत माणसाची घंटा

आमच्या गावच्या चर्चला मनोरा नाही. घंटा अंगणात, दोन लोखंडी खांबांच्या मध्ये टांगलेली आहे. तिच्यावर कुठल्या तरी परदेशी गावाचं नाव कोरलेलं होतं. ते आता वाचता येत नाही आणि वाचायची कोणाला गरजही पडलेली नाही. रविवारी उपासनेआधी ती भराभर वाजते. चर्चच्या सभासद कुटुंबांना आमच्याकडे मंडळी म्हणतात. मंडळीतलं कोणी वारलं की ती वेगळी वाजते. एक ठोका द्यायचा, त्याचा आवाज पूर्ण विरू द्यायचा, मग दुसरा. बेलापूरकडच्या उसात काम करणाऱ्यांनाही तो ऐकू जातो. ऐकणारा हातातलं काम थांबवतो आणि आजारी कोण होतं ते आठवतो. हल्ली मोबाईलवर निरोप आधी पोचतो, तरी घंटा झाल्याशिवाय माणूस रीतसर गेला असं आमच्याकडे धरत नाहीत.

माझे वडील वारले तेव्हा ही घंटा वाजली नाही.

कारण नियम होता. दुसऱ्या पंथाच्या सभांना जो कायम जाऊ लागतो तो सभासद राहत नाही, आणि घंटा फक्त सभासदासाठी. हा नियम गुरुजींनी केला होता. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि मंडळीच्या कमिटीचे सेक्रेटरी. त्यांचं घर आमच्या समोरच्या बोळात. ते आणि वडील एकाच वसतिगृहात वाढले, एकाच बाकावर बसले. पुढे वडील साखर कारखान्यात फिटर झाले. त्यांना घशाचा कॅन्सर झाला आणि शेवटच्या वर्षात ते शिर्डी रस्त्यावरच्या एका लॉन्समध्ये भरणाऱ्या चंगाई सभेला जाऊ लागले. एरवी तिथे लग्नं होतात. ज्या दिवशी मुहूर्त नसेल त्या दिवशी त्याच खुर्च्यांवर आजारी माणसं बसतात आणि एक पास्टर त्यांच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करतो. गुरुजींनी वडिलांना समजावलं होतं. वडील म्हणाले होते, "तिथं निदान डोक्यावर हात तरी ठेवतात." त्यावर गुरुजींनी नियम सांगितला.

वडील गेले त्या सकाळी गुरुजी सगळ्यांच्या आधी आले. शेजारून चहाची किटली आली होती.

"वहिनी," ते आईला म्हणाले, "कबरीला जागा मिळेल. पास्टर येतील, गाणी होतील. घंटा मात्र वाजवता येणार नाही."

"नियम तुमीच केला ना?" आई म्हणाली.

"म्हणून तर मला मोडता येत नाही."

आईने किटलीतून कप भरला.

"उद्या माझ्यावर ही वेळ आली तर मलाही हाच नियम," गुरुजी म्हणाले. "तुम्हाला शब्द देतो."

"चहा घ्या," आई म्हणाली.

गुरुजींनी चहा घेतला आणि कामाला लागले. कबर खणायला माणसं त्यांनी लावली. मुरूम लागला तेव्हा पहार त्यांनीच मागवली. मांडव, खुर्च्या, फुलं, शवपेटीला पुढचा खांदा, सगळ्याला गुरुजी. अंत्यविधी कुठेही चुकला नाही. मी नगरला एका दैनिकात डेस्कवर काम करतो. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढणं हा माझा धंदा आहे. त्या दिवशीच्या व्यवस्थेत मला काढण्यासारखं काही सापडलं नाही. फक्त घंटा वाजली नाही.

आईने गुरुजींशी भांडण केलं नाही. ती त्यांच्यासाठी प्रार्थना करू लागली.

आमच्याकडे शुक्रवारी आळीपाळीने एकेका घरी प्रार्थना असते. शेवटी ज्याची जी विनंती असेल ती त्याने सांगायची आणि मग सगळ्यांनी मिळून देवापुढे ठेवायची. कोणाची मुलगी बारावीला असते, कोणाची बोअर आटलेली असते. आई म्हणायची, "गुरुजींसाठी प्रार्थना करा. देवानं त्यांचं मन मऊ करावं." गुरुजी समोरच बसलेले असत. डोळे मिटून त्यांना आमेन म्हणावं लागे. मग ते स्वतःची विनंती सांगत, "वहिनींच्या मनातली कटुता जावी." आई सगळ्यांच्या वर आवाज काढून आमेन म्हणे. हे वर्षानुवर्षं चाललं. एका पाहुण्या पास्टरांनी परस्परांसाठी प्रार्थना करणाऱ्या दोन सभासदांचं उदाहरण उपदेशात दिलं, तेव्हा मंडळीतल्या निम्म्या लोकांनी खाली पाहिलं. उरलेल्या निम्म्यांचे खांदे हलत होते.

मध्यंतरी घंटा वाजवणारा माणूस सुप्याच्या एमआयडीसीत वॉचमन म्हणून लागला आणि गाव सोडून गेला. आमच्या घराची भिंत चर्चच्या अंगणाला लागून आहे. कमिटीने आईला विचारलं आणि आई लगेच हो म्हणाली. ज्या घंटेने नवऱ्याला नाकारलं ती घंटा बाई आता वाजवते, याचं मंडळीला फार कौतुक वाटलं. नम्रता हा शब्द तेव्हा बराच वापरला गेला. मी सुटीला घरी गेलो तेव्हा आई दोरीला नवी गाठ मारत होती.

"कशाला घेतलंस हे?" मी विचारलं.

"त्यांची मीच वाजवणार," ती म्हणाली. "एक ठोका कमी न्हाई करायची. आक्ख्या गावाला ऐकू गेली पायजे."

"कोणाची?"

"गुरुजींची. मग कुणाची?"

त्यांनी दिलं नाही ते आपण द्यायचं, असा तिचा विचार होता. बायबलच्या वचनाला धरून होता. त्यात अडचण एवढीच होती की तिच्या औदार्याला गुरुजींनी आधी मरणं आवश्यक होतं, आणि गुरुजींची तब्येत उत्तम होती.

नगर जिल्ह्याचं नाव बदललं त्या सुमारास गुरुजींना पक्षाघाताचा झटका आला. रविवारच्या उपासनेत ते सूचना वाचत होते. कबरस्थानातलं गवत काढायला येत्या शनिवारी प्रत्येक घरातून एकेक माणूस, इथपर्यंत वाचलं आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. पुढचं वाक्य आलं नाही. आई पुढच्या बाकावर होती. ती उठली, तिने आधी त्यांचा चष्मा काढून घेतला, मग त्यांचं डोकं धरलं आणि त्यांना खाली बसवलं. गवत त्या शनिवारी कोणी काढलं नाही.

त्यांना नगरला आणलं. आईचा मला फोन आला. "दवाखान्यात जाऊन ये. जिवंत हाय का बघ." सूर काळजीचा होता की चौकशीचा, हे फोनवरून ठरवता आलं नाही. मी जाऊन आलो आणि जिवंत आहेत असं कळवलं. "बरं," आई म्हणाली. यावरूनही ठरवता आलं नाही.

गुरुजी घरी आले ते खाटेवर. उजवी बाजू गेली होती. बोलणं एकेका शब्दावर आलं होतं, तोही पत्नीलाच कळे. त्यांच्या पत्नीला गाव अक्का म्हणतो. मंडळीत कोणी आजारी असलं की घरोघरून डबे जातात. आईचा डबा पहिल्या दिवशी गेला. वैऱ्याला जेवू घालण्याबद्दलचं वचन आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतं. त्या वचनाच्या शेवटी, असं केल्याने त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होईल असंही म्हटलंय, तो भाग मुलं गडबडीत म्हणून टाकतात. आईने मिशनच्या वसतिगृहात जन्मभर स्वयंपाक केला होता. निखारे म्हणजे काय हे तिला वेगळं शिकवावं लागत नव्हतं.

डब्यात मऊ खिचडी होती. संध्याकाळी डबा परत आला तेव्हा त्यात लिंबं होती. दुसऱ्याचा डबा रिकामा परत पाठवायचा नसतो.

"लिंबं दिली," आई डबा उघडून म्हणाली. "म्हंजे उपकार नको हायेत."

दुसऱ्या दिवशी तिने खिचडीबरोबर पडवळाची भाजी पाठवली. उलट अंडी आली. तिने शेवयांची खीर पाठवली. उलट करंज्या आल्या, नाताळ लांब असताना. दोन घरांमध्ये डबा असा जाऊन येऊन राहिला आणि दोन्ही घरांत कोणालाही नको असलेलं भरपूर खाणं साठत गेलं. इतर घरांचे डबे हळूहळू बंद झाले. आईचा बंद होणं शक्य नव्हतं, कारण अक्कांकडून आलेलं शेवटचं होतं आणि आई शेवटचं घेणारी नव्हती.

एकदा आई डबा घेऊन गेली तेव्हा अक्का दळण आणायला गेल्या होत्या. मी बरोबर होतो. गुरुजी उशीला टेकून बसले होते. आईने ताटलीत खिचडी काढली, चमचा भरला आणि पुढे केला. गुरुजींनी तोंड मिटून घेतलं.

"गुरुजी," आई म्हणाली, "विष न्हाई. मीठ कमी हाय फक्त."

गुरुजींच्या तोंडाची डावी बाजू हलली. उजवी हलू शकत नव्हती. त्या अर्ध्याला हसू म्हणायचं का, याची खातरी मला देता येत नाही. त्यांनी तोंड उघडलं. आईने पदराने त्यांची हनुवटी पुसली, तशी ती वडिलांची पुसायची. मग तिला ते जाणवलं असावं. दुसऱ्या वेळी तिने टॉवेल घेतला.

गुरुजींचा मुलगा सुप्याला कंपनीत आहे. पावसाळ्यानंतर तो आणि सून दर शनिवारी गाडी घेऊन येऊ लागले आणि गुरुजींना कुठेतरी नेऊ लागले. फिजिओथेरपीला, असं अक्कांनी सांगितलं. पण शिर्डीकडे जाणारी गाडी सगळ्यांनाच दिसते. लॉन्स तेच होतं. खुर्च्याही त्याच असाव्यात. सुनेने विचारलं होतं, न्यायचं का, आणि गुरुजींनी आपण होऊन डावा हात वर केला होता. हे अक्कांनीच नंतर सांगितलं. तिथले पास्टर डोक्यावर हात ठेवतात, तेवढा वेळ ते डोळे मिटून बसतात आणि घरी येताना गाडीत शांत झोपतात, असंही त्या म्हणाल्या.

मंडळीचा नवा सेक्रेटरी गुरुजींचाच विद्यार्थी. गावात त्याचं खताचं दुकान आहे. कमिटीच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं असं सांगतात. पण तो म्हणाला, "सरांचा नियम सरांसाठी मोडला तर सरांचाच अपमान होईल." अशा रीतीने आदर राखून गुरुजींचं सभासदत्व संपवण्यात आलं. म्हणजे त्यांच्यासाठीही घंटा नाही.

त्या आठवड्यात आमच्या ओट्यावर वर्दळ वाढली. आई मेथी निवडत बसलेली असे आणि येणारी प्रत्येक बाई एक जुडी पुढे ओढून शेजारी बसे.

"बाई, देवानं दाखवलं का न्हाई?" शेजारीण म्हणाली.

"कुणाला?"

"आगं, त्यालाच की. तुज्या मालकाला जे केलं ते फिरून त्याच्याच दारात आलं. आन् तेच लॉन्स गं! मी तर म्हनते लई बारीक हिशोब हाय त्याचा."

"देठं घेऊ नको," आई म्हणाली. "कडू लागत्यात."

"तुला आनंद न्हाई झाला?"

आईने पुढची जुडी ओढली. रात्री जेवताना ती मला म्हणाली, "झाला हुता. दुपारपर्यंत." नंतर पाणी प्यायली आणि म्हणाली, "आता मी काय वाजवू?"

एवढी वर्षं राखून ठेवलेली गोष्ट तिच्या हातून गेली होती. शत्रूवर आलेल्या संकटात तिचंही नुकसान झालं होतं.

दोन-चार दिवसांनी अक्का आल्या. हातात डबा होता आणि आमच्या घरी रिकामा परत आलेला तो पहिलाच डबा होता. आईने तो उघडून पाहिला आणि पाट दिला.

"ताई, यांना झोप लागत नाही," अक्का म्हणाल्या. "रविवारी तुम्ही घंटा वाजवता ना, हे भिंतीकडे तोंड करतात. रडतात. मला विचारतात, माझी? तेवढा एकच शब्द. माझी? मी काय सांगू?"

"वाजंल म्हनावं."

"खोटं सांगू? त्यांना? जन्मभर नियमाचं पुस्तक होऊन राहिलेत ते."

आई बराच वेळ डब्याची कडी उघडत-मिटत बसली. मग म्हणाली, "मी बोलते कमिटीशी."

कमिटीपुढे आई पहिल्यांदाच उभी राहिली. वडिलांच्या वेळी ती गेली नव्हती. हा नियम काढून टाका, एवढंच ती म्हणाली. नव्या सेक्रेटरीने नम्रपणे विचारलं, "काकू, मग काकांच्या वेळचं काय? तेव्हा आम्ही चुकलो असं म्हणायचं का?"

"मी काय म्हनायचं ते देवाला म्हनून झालंय," आई म्हणाली. "तुमी नियमाचं बोला."

चर्चा बरीच झाली. शेवटी ठरलं ते असं : नियम गुरुजींनी केला, तेव्हा तो चुकला असं त्यांनीच म्हणावं. बोलता येत नसेल तर मान हलवावी. तेवढ्यावर कमिटी नियम रद्द करील. गुरुजींची घंटा वाजेल, आणि वडिलांना जे नाकारलं ते चुकीने नाकारलं असंही आपोआप ठरेल. बाहेर आल्यावर आईने चपला घालताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. ती असा आधार एरवी घेत नाही.

कमिटीचे चौघं, आई आणि मी, असे लगेचच गुरुजींच्या घरी गेलो. अक्कांनी खाटेशेजारी खुर्च्या मांडल्या. सेक्रेटरीने शाळेत उत्तर देताना उभा राहत असेल तसं उभं राहून सगळं सांगितलं.

"सर, फक्त मान हलवा," तो म्हणाला. "बाकी आम्ही बघतो."

गुरुजींनी मान हलवली नाही. ऐकू आलं नसेल म्हणून अक्कांनी कानाशी वाकून पुन्हा सांगितलं. ऐकू आलं होतं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते आईकडे बघत होते.

"वहिनी," ते म्हणाले. हा शब्द सगळ्यांना कळला. मग बराच वेळ गेला. "शब्द," ते म्हणाले. डावा हात त्यांनी छातीवर ठेवला. "दिला."

"कसला शब्द?" अक्कांनी विचारलं. "कोणाला दिला?"

कमिटीने एकमेकांकडे पाहिलं. आई उठून उभी राहिली.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

बोळातून येताना ती इतकी भराभर चालत होती की मला मागे पडायला झालं. घराच्या पायरीवर ती थांबली. "आता बी जिंकायचंच हाय त्याला," ती म्हणाली. "आरं, मी सोडला हुता तो शब्द. कवाच. इचारायचं तरी!" आणि आत जाऊन तिने मोठ्या आवाजात भांडी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दाढी करत होतो. आईने डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीच्या खिंडारातून पलीकडे गेली. वार सोमवार होता. उपासना नव्हती. पहिला ठोका पडला तेव्हा मला वाटलं, दोरी तपासते आहे. मग थांबून दुसरा पडला. मग तिसरा.

मी साबण लावलेल्या तोंडाने धावलो. ती दोन्ही हातांनी दोरी धरून उभी होती.

"कोण गेलं?"

"कुनी न्हाई. बाजूला हो."

ती थांबली नाही. मग जे व्हायचं ते झालं. उसातून माणसं निघाली. गायकांपैकी एक जण पेटी घेऊन आला, दुसरा ढोलकी घेऊन. शेजारीण डोळे पुसत आली आणि पुसता पुसता विचारू लागली, कोण? कबरस्थानाची देखभाल करणारे म्हातारबाबा कुदळ घेऊन थेट तिकडे गेले आणि त्यांनी जागेवरचं गवत काढायला सुरुवात केली. नव्या सेक्रेटरीने दुकानातूनच अंदाज बांधला. गावात अंथरुणाला खिळलेलं एकच माणूस होतं. त्याने मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुरुजींचा फोटो टाकून दुःखद निधन असं लिहिलं आणि मोटरसायकल काढली. मृत्यूची बातमी दोन ठिकाणी विचारल्याशिवाय लावू नये, हे आमच्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात शिकवतात. खताच्या दुकानात ते शिकवत नसावेत. तो चर्चपाशी येईपर्यंत ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती.

"काकू, कधी गेले सर?" त्याने विचारलं. "आणि घंटा कशी वाजवली तुम्ही? त्यांना घंटा नाही!"

"गेले न्हाईत," आई म्हणाली. "बसले असतील चहा पीत."

"म्हणजे?"

"नियम काय हाय? सभासद नसलेला मेला तर घंटा न्हाई. ते मेलेत का?"

"नाही..."

"मग नियम मोडला का मी?"

गुरुजींच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला यातली चूक सापडायला हवी होती, सापडली नाही. पेटीवाल्याने पेटी खाली ठेवली. शेजारीण आधी हसली आणि मग तिलाच ते बरं दिसेना.

जमलेले सगळे गुरुजींच्या घरी निघाले. दुसरं काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं आणि हातातली फुलं परत नेणं बरं दिसलं नसतं. अक्कांच्या मोबाईलवर नवऱ्याच्या निधनाची बातमी आली होती. त्या मोबाईल हातात धरून दारात उभ्या होत्या आणि आत अंगणातल्या खाटेवर नवरा उशीला टेकून बसला होता. खरोखरच शेजारी चहा होता. तो निवला होता, कारण घंटा सुरू झाल्यापासून त्यांनी कप उचलला नव्हता.

अंगण भरलं. उसाचा पाला अंगाला चिकटलेली माणसं, कारखान्याच्या पाळीवर न गेलेली माणसं, गुरुजींनी मारलेली आणि पास केलेली माणसं. गुरुजी एकेकाकडे बघत होते. आपल्या दफनाला कोण कोण येईल हे सहसा कोणाला बघायला मिळत नाही. कुणीतरी हार खाटेच्या पायथ्याशी ठेवला, मग चूक लक्षात येऊन उचलला, मग पुन्हा ठेवला.

आई सगळ्यात शेवटी आली. माणसं बाजूला झाली.

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना बोलायचं होतं आणि त्यासाठी वेळ लागणार होता, म्हणून सगळं अंगण थांबलं.

"आवाज," ते म्हणाले. मग श्वास घेतला. "विरू... दिला... नाही."

अक्कांना ते समजावून सांगावं लागलं नाही. दोन ठोक्यांमध्ये आईने घाई केली होती. ही गोष्ट खरी होती. मीही ऐकलं होतं.

"हात भरून येतो माजा," आई म्हणाली. "पुढच्या टायमाला बघू."

"पुढच्या... नाही," गुरुजी म्हणाले. "नियम." आणि तोंडाची डावी बाजू हलली. या वेळी माझ्या मनात शंका नव्हती.

"चहा गार झालाय तुमचा," आई म्हणाली, आणि कप घेऊन अक्कांच्या स्वयंपाकघरात गेली. पेटीवाला आलाच होता, म्हणून एक गाणं झालं. गुरुजी डावा हात मांडीवर आपटत ताल धरत होते. कबरस्थानातून म्हातारबाबांना बोलावून आणावं लागलं. तोवर त्यांनी सगळं गवत काढलं होतं.

पुढच्या बैठकीत कमिटीने नियमात एक वाक्य वाढवलं : जिवंत माणसासाठी घंटा वाजवू नये. मूळ नियम तसाच राहिला. डबा चालू राहिला. रविवारी गुरुजी भिंतीकडे तोंड करत नाहीत असं अक्का सांगत.

नाताळाच्या आधी गुरुजी गेले, दुपारी, जेवण झाल्यावर. मी रजा घेऊन गावी पोचलो तेव्हा नवा सेक्रेटरी आमच्या ओट्यावर बसला होता. त्याने टोपी हातात धरली होती.

"काकू," तो म्हणाला, "वाजवायची का? कमिटीतलं कोणी काही म्हणणार नाही. मी बोललोय सगळ्यांशी."

"नियम हाय ना?"

"आहे. पण..."

"मग बोलायचं काय त्यात. त्यांची वाजून झाली."

गुरुजींना वडिलांच्याच रांगेत जागा मिळाली. मुरूम लागला, पहार आणली गेली. घंटा वाजली नाही, तरी त्या दिवशीच्या अंगणात होती तितकी सगळी माणसं आली. मातीची मूठ टाकून आम्ही परत निघालो. आई वडिलांच्या कबरीपाशी थांबली. दगडावरचा पाला तिने हाताने झाडला.

"याला ऐकायला मिळाली," ती म्हणाली. "तुज्या बापाला न्हाई."

ती चिडलेली नव्हती. हातातला पाला बाजूला टाकून ती पुढे निघाली, कारण अक्कांकडे संध्याकाळचा डबा तिचा होता.

त्यानंतर मंडळीत पहिलं मरण झालं ते शेजारणीच्या सासूचं. सभासदत्वाबद्दल वाद नव्हता. आईने घंटा वाजवली. एक ठोका पडला आणि बराच वेळ काही झालं नाही. लोक दारात येऊन उभे राहिले. दोरी तुटली की काय असं वाटण्याइतका वेळ गेल्यावर दुसरा पडला. घरी आल्यावर मी विचारलं, एवढं थांबायचं काय कारण.

"वय झालं," आई म्हणाली. "दोरी वढवत न्हाई आता."